वहिनींच्या झाडाचं पिल्लू

हे मी देवापुढेसुद्धा मनातल्या मनात बोललेले नाही. रोज दिवा लावते, हात जोडते, आणि नेमकी त्या जागेपाशी आले की गप्प होते — त्याला काय ठाऊक नसेल? पण तुम्ही परके. परक्यापुढे तोंड उघडायला जरा सोपं जातं.

दिवेआगरात माझं घर आहे. मागे नारळ-सुपारीची वाडी, पुढे पाहुण्यांसाठी बांधलेल्या तीन खोल्या. हे गेल्यापासून सगळं मी एकटीच बघते. परसात विहिरीजवळ कढीपत्त्याचं झाड आहे, त्याचं मुंबईच्या पाहुण्यांना कोण कौतुक! एका बाईने विचारलं, "मावशी, करी पावडर ह्याचीच करतात ना?" म्हटलं, हो तर, आणि हळद सूर्यफुलाची. दुसरा एक जण, थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावताना आम्ही मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालतो ना, तो आमटीत घाला म्हणून मागे लागला होता. एकीने तर कुंडीच आणली होती — रुपेरी, सुईसारखी पानं, वास थेट मसाल्याच्या पुडीसारखा. म्हणे हाच खरा कढीपत्ता. शेजारच्या मथूवहिनींनी दोन पानं आमटीत टाकून बघितली, तर तोंड कडू. त्या म्हणाल्या, "वास हाय, चव न्हाय. माणसांत पण असतात गो असली." आम्ही केवढ्या हसलो होतो तेव्हा.

बघा, लागले ना पाहुण्यांच्या चुका सांगायला? दुसऱ्याच्या सांगताना माझी जीभ कशी सैल सुटते.

तर मथूवहिनी. माझ्या चुलत जाऊबाई, पंधरा वर्षांनी मोठ्या. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये फक्त कमरेएवढा दगडांचा गडगा. मी लग्न होऊन आले तेव्हा कढीपत्त्याचं झाड त्यांच्या परसात होतं, माझ्याकडे नव्हतं. मी एक रोप मागितलं, तर त्यांनी तोंडावर हात ठेवला. "मागू नको गो! मागून नेलेलं लागत न्हाय. चोरून ने. मी आभाळ बघते." आमच्याकडे तशी रीतच आहे — झाडाच्या मुळातून पिल्लं फुटतात, त्यातलं एक चोरून न्यायचं, आणि मालकिणीने पाठ फिरवून उभं राहायचं. वहिनी खरंच पाठ फिरवून उभ्या राहिल्या, तोंड वर, आणि मध्येच म्हणाल्या, "मुळं जपून काढ गो, चोरटे." त्या पिल्लाचं आज हे झाड झालंय.

वहिनींच्या हाताला चव होती. ताकाची कढी, वालाचं बिरडं — काय सांगू! मी खोल्या बांधल्या तेव्हा पाहुणे झोपायचे माझ्याकडे आणि जेवायला जायचे गडग्यापलीकडे. ताटं तिकडे, हसणं तिकडे. मी इकडे चादरी घड्या करत बसायची. हे होते तोवर काही वाटलं नाही. हे गेले, आणि मग संध्याकाळी पलीकडून फोडणीचा वास आला की माझा जीव नुसता जळायचा. कुणावर जळत होते मी? जिने मला भरल्या हातांनी दिलं, तिच्यावर?

मग वादळ आलं. वाड्या आडव्या झाल्या. वहिनींच्या कढीपत्त्यावर माड पडला, तो उचलायला जेसीबी आला आणि त्याने झाड मुळांसकट उपटून नेलं. त्यानंतरच्या साथीत वहिनींना ताप आला. ताप उतरला, पण नाकाला वास येणं गेलं, ते परत आलंच नाही. खारट, आंबट, तिखट कळायचं — वास म्हणून काही नाही.

आणि एक दिवस त्या गडगा ओलांडून आल्या, हातात खुरपं. माझ्या झाडापाशी उभ्या राहिल्या आणि गालात हसत म्हणाल्या, "सुलभा, आज आभाळ कसं हाय गो?"

मला फक्त पाठ फिरवायची होती. एवढंच. पण मी नाही फिरवली.

त्यांना येताना बघूनच मी पालापाचोळ्याची टोपली पिल्लांवर पालथी घातली होती. त्यांच्या तोंडाकडे सरळ बघत म्हणाले, "वहिनी, यंदा पिल्लंच फुटली नाहीत हो." त्यांनी टोपलीकडे पाहिलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. खुरपं कमरेला खोचून गेल्या.

थांबा. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं.

चार दिवसांनी मीच त्यांच्यासाठी नर्सरीतून रोप आणलं. नर्सरीवाला भला माणूस, आपणहून म्हणाला, "बाई, हे वाढतं जोरात, पण वासाचं न्हाय हो." दिसायला हुबेहूब तेच पान. मी तेच घेतलं. ऐकून, समजून घेतलं. वहिनींनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि ते रोप पोरासारखं वाढवलं. पहिली डहाळी तोडली ती गडग्याशी घेऊन आल्या, पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. "येतो ना गो वास?"

मी छाती भरून श्वास घेतला. गवताचा वास आला. म्हणाले, "येतो की! घमघमतोय नुसता."

असं किती वेळा? मोजलं नाही. दर थोड्या दिवसांनी त्या विचारायच्या आणि मी घमघमतोय म्हणायची. त्यांचं नाक म्हणजे मीच होते.

हळूहळू पाहुणे कुरकुरायला लागले. मग एक जुना पाहुणा त्यांच्यासमोरच बोलला, "मावशी, कढी पहिल्यासारखी नाही राहिली." वहिनींनी हातातला डाव खाली ठेवला. संध्याकाळी माझ्याकडे आल्या, ओट्यावर बसल्या. मथूवहिनींना रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, त्यांचे यजमान गेले तेव्हासुद्धा नाही. "माझा हात गेला गो सुलभा. सगळं तसंच करते, तरी गेला. तू तरी खरं सांग."

खरं सांग म्हणाल्या. आणि मी काय बोलले ठाऊक आहे? "वय झालं वहिनी. आता आराम करा."

पिल्लू लपवलं ते जळफळाटाने. रोप आणलं तो दुष्टपणा. पण हे वाक्य मी शांतपणे बोलले, त्यांच्या पाठीवर हात ठेवून.

त्यांनी चूल बंद केली. वर्षभरात लेक त्यांना आपल्या घरी, तळा गावी घेऊन गेली. तिथे त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. लेक सांगते, आई म्हणते, मी रांधलेलं कुणाच्या घशाखाली उतरायचं नाही. वहिनी अजून आहेत. सकाळच्या एसटीने निघाले तर दुपारच्या आत त्यांच्यासमोर बसेन. एकदा गेलेही होते, दोन नारळ घेऊन. चहा प्यायले आणि परत आले.

आता पाहुणे माझ्याकडे जेवतात. म्हणतात, मावशी, हाताला चव आहे तुमच्या. ते गेले की मी एकटी पान वाढून घेते. पलीकडून फोडणीचा वास येत नाही, भांड्यांचा आवाज येत नाही.

झाडाखाली पिल्लं इतकी माजलीत की पाय ठेवायला जागा नाही. काल सकाळी खुरपं नेऊन बुंध्याशी ठेवलं आणि पाठ फिरवून उभी राहिले. तोंड वर करून, वहिनी उभ्या राहिल्या होत्या तशी. बराच वेळ. मागे माती उकरल्याचा आवाज काही आला नाही.

मग वळले. पाहुण्यांच्या कढीसाठी चार डहाळ्या तोडल्या. हाताला त्यांचा वास दिवसभर होता.