काकांनी मला विहिरीत उतरवलं तेव्हा

वडनेर भोलजीकडच्या आमच्या गावात कुणाचं काही विहिरीत पडलं की हाक शेजारच्या काकांना जायची. बकरी असो की पाण्याची मोटर, काका पायजमा खोचून निघत. त्यांच्यापुढे सिनेमातले हिरो आम्हा पोरांना अगदीच फिके वाटत.

उन्हाळ्यात पाठीला रिकामा डबा बांधून अख्ख्या गल्लीला पोहायला त्यांनीच शिकवलं. मी चौदाची झाले तेव्हा मला म्हणाले, "तुहा दम मोठा हाय वं. माह्यासंगं येत जाय." मी तर हवेतच! आईला विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि मी कशाला सुचवते?

पहिल्याच खेपेला कपारीत अडकलेलं बकरीचं पिल्लू मी काखेत धरून वर आणलं. शाबासकी घेत रमतगमत घरी आले, तर बातमी आधीच पोचली होती आणि आई काकांच्या ओट्यावर उभी होती.

"भाऊजी, तुम्ही उतरता तं दोर कोन धरते?"

"आमची मंडळी," काका म्हणाले. उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर घरच्याच माणसाच्या हातात, हा त्यांचाच कडक नियम. दोर धरायला आलेल्या भल्याभल्यांना त्यांनी त्यावरून परत पाठवलं होतं.

"अन् माह्या पोरीचा कोनं धरला?"

माझा दोर त्यांनी स्वतः धरला होता. एवढा बोलका माणूस, पण खाली मान घालून "चुकलं वैनी" एवढंच म्हणाला. मला रडूच फुटलं. संपलं सगळं, असं वाटलं.

आई पायऱ्या उतरली, थांबली. "पुढच्या टायमाले मले बलावजा," म्हणाली.

मग पुढची कितीतरी वर्षं मी उतरले आणि दोर आईनं धरला. तिला स्वतःला पोहता येत नाही. मी वर आले की आधी तिचा लालबुंद चेहरा दिसायचा, आणि जीव सुपाएवढा व्हायचा.

काका चुकलेच होते, हे माझं मत आजही पक्कं आहे. कुणाच्या लेकराला असं परस्पर जोखमीत घालू नये. परवा भाकरी थापता थापता आईला तसं म्हटलं.

"हाव, चुकलाच थो," ती म्हणाली. तव्यावरची भाकरी उलटली. "पन इचारलं असतं तं मी नाईच म्हनली असती. मंग चुकी माही राह्यली असती."