एर्मेलिंदाच्या वहीतल्या फुल्या

पेरू देशातल्या अरेकीपा शहराच्या वरच्या वस्तीत, चढ संपून रस्ता दवाखान्याकडे वळतो त्या कोपऱ्यावर एर्मेलिंदा चुक्ताया बावीस वर्षं उभी आहे. काम म्हणाल तर साधं. प्रवासी भरून पळणाऱ्या कोंबी गाड्या वळणावर जरा हळू होतात, ती खिडकीशी धावते आणि ओरडते, "पुढचा तीन मिनिटांवर! लाल गाडी सहावर!" ड्रायव्हर तिच्या हातात नाणं टेकवतो आणि त्या हिशेबानं गाडी दामटतो नाहीतर रेंगाळवतो. पुढची गाडी जवळ असेल तर वाटेतली माणसं ती उचलणार. लांब असेल तर ती आपली.

हातात शाळकरी वही, कानावर पेन्सिल. गाडी गेली की वेळ लिहायची. कोपऱ्यावरच्या स्टॉपवर न थांबता गेली, तर वेळेपुढे फुली. फुली ही मागच्या ड्रायव्हरसाठी खुशखबर. "पुढचा सोडून गेलाय रे, माणसं तुझी!" असं ती ओरडली की त्याचा चेहरा उजळायचा.

एर्मे मावशी खोटं मिनिट सांगत नाही, ही तिची ख्याती. एकदा तिच्याच मुलीच्या धर्मपित्यानं, तोही ड्रायव्हरच, गळ घातली, लाल गाडीवाल्याला जरा चुकीचं सांग म्हणून. ती म्हणाली, "बाप्तिस्म्याला तू मुलीला हातात धरलं होतंस, माझ्या वहीला नाही." तो वर्षभर बोलला नाही. नंतर मुकाट्यानं मिनिटं विचारायला लागला.

आणि आता ह्या रस्त्यावरून ट्राम न्यायची म्हणे. विजेची, ठरल्या वेळेला येणारी. दोन महिने वस्तीत दुसरा विषय नाही. बाजारातल्या बायका म्हणतात, चार वर्षं रस्ता खणून ठेवतील, आमचे बटाटे काय खड्ड्यात विकायचे? कॉलेजची पोरं म्हणतात, हवीच. एर्मेलिंदाला कुणी विचारलं नाही. पण जी गाडी ठरल्या मिनिटाला येते, तिला मिनिटं सांगणारी बाई कशाला हवी, एवढं तिला न विचारताही कळत होतं. तिचा पाय एका जागी ठरेना. सकाळचा एमोलिएंतेचा गरम काढा हातात तसाच निवायचा. गाडी नसतानाही ती कोपऱ्याच्या कडेला चार पावलं जाऊन परत यायची.

अशात ड्रायव्हरांचा पुढारी विल्बेर कोआकीरा गाडीतून उतरून तिच्याजवळ आला. विल्बेरनं गाडीतून उतरणं हीच मोठी गोष्ट.

"मावशी, शनिवारी पालिकेची ट्रामबद्दल सभा आहे. वह्या घेऊन ये. दर तीन मिनिटांनी गाडी जाते हे वाचून दाखव. मग बघू कशाला पाहिजे यांना ट्राम!"

"मी बोलू? त्या टायवाल्यांसमोर?"

"बोलू नकोस, वाच. तुझी वही खोटी पडत नाही हे गाव जाणतं."

तिला बरं वाटलं. शुक्रवारी दुपारी भरल्या रोकोतो मिरचीची तिखट ताटली पुढ्यात ठेवून तिनं वह्या काढल्या. सुवाच्य पानं निवडू म्हणता म्हणता घास हातातच राहिला. वेळा झकास होत्या. दोन मिनिटं, तीन मिनिटं, चार. पण सकाळी सहाच्या सुमाराला फुल्यांची रांगच्या रांग लागलेली. मंगळवारी तर जास्तच. इतकी वर्षं तिनं फुली पाहिली होती ती मागच्या ड्रायव्हरच्या बाजूनं. स्टॉपवर कोण उभं होतं, हे तिनं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. तिनं वही मिटली, परत उघडली. जेवण गार झालं.

शनिवारी वस्तीच्या खेळाच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. पालिकेची तरुण इंजिनीयरबाई भिंतीवर नकाशा दाखवत होती. मागून एक बटाटेवाली ओरडली, "पोरी, नकाशात माझी टपरी दिसत नाहीये!" हॉल हसला. मग एर्मेलिंदानं उभं राहून वेळा वाचल्या. पाच बावन्न, पाच पंचावन्न, पाच सत्तावन्न. ड्रायव्हरांनी टाळ्या पिटल्या. फुल्या तिनं वाचल्या नाहीत. विल्बेरनं वेळाच मागितल्या होत्या, असं ती मनाशी घोकत खाली बसली.

तेवढ्यात काठी टेकत प्रेसेंताबाई, वस्तीच्या मानाच्या भाषेत दोन्या प्रेसेंता, उठल्या. दर मंगळवारी डायलिसिसला जाणाऱ्या.

"गाड्या येतात, खरंय. थांबतात कुठे? माझी काठी बघितली की पळतात. म्हातारी चढायला वेळ लावते ना."

"खोटं!" विल्बेर उसळला. "आम्ही काय जनावरं आहोत? मावशी, वही उघड. मंगळवार काढ. सांग यांना!"

त्यानंच साक्षीला बोलावलं होतं. एर्मेलिंदा पुन्हा उभी राहिली. पान उघडायला तिला वेळ लागला, पुढच्या रांगेतल्या कुणीतरी खोकून घेतलं.

"मंगळवार," ती म्हणाली. "पाच बावन्न, फुली. पाच पंचावन्न, फुली. पाच सत्तावन्न थांबली. सहा वाजून एक, फुली. सहा चार, फुली."

"फुली म्हणजे काय?" इंजिनीयरबाईनं विचारलं.

हॉलमधल्या प्रत्येक ड्रायव्हरला ते ठाऊक होतं.

"फुली म्हणजे माणसं उभी होती आणि गाडी थांबली नाही."

"आणि त्या गाड्या कुणाच्या?"

"ते नाही सांगणार," एर्मेलिंदा म्हणाली. पण तिची नजर विल्बेरकडे गेलीच, आणि लोक काही आंधळे नव्हते.

"मावशी, तूपण?" विल्बेर हळू आवाजात म्हणाला. "ट्राम आली तर आधी तूच उडशील. कळतंय का?"

"कळतंय. मला नकोच आहे ती ट्राम. लिहून घ्या बाई, नको आहे म्हणून." तिनं वही उंच धरली. "पण वही तू उघडायला लावलीस, विल्बेर. उघडल्यावर त्यात आहे तेच वाचणार ना?"

सोमवारी एकाही ड्रायव्हरनं खिडकीची काच खाली केली नाही. ती मिनिटं ओरडत राहिली, गाड्या तिच्या ओरडण्याच्या बाजूनं निघून जात राहिल्या. घरी मुलगी म्हणाली, "आई, एक दिवस घरी बस ना." ती म्हणाली, "बसून काय करू? कोपरा रिकामा सोडला तर दुसरी येऊन उभी राहील."

मंगळवारी उजाडताच ती जागेवर होती. स्टॉपवर दोन्या प्रेसेंता, काठी आणि दवाखान्याची फाईल. पाच बावन्नची गाडी पळाली. फुली. पाच पंचावन्नला चढावरून विल्बेरची निळी गाडी आली. एर्मेलिंदानं पेन्सिल कानावरून काढली. ती खिडकीशी धावली नाही.

गाडी थांबली. दार उघडलं. आत कंडक्टर पुटपुटला, "मागून लाल येतेय, दादा, ही चढेपर्यंत आपले पॅसेंजर गेले." विल्बेर म्हणाला, "गप बस. हात दे तिला." काठी आधी आत गेली, मग फाईल, मग म्हातारी. चांगलं दीड मिनिट.

"बघितलंस?" विल्बेरनं खिडकीतून विचारलं. "लिही."

"काय लिहू? थांबलेल्या गाडीला माझ्याकडे खूण नाही."

"मग कर एखादी," तो म्हणाला, आणि मिनिटं न विचारता, नाण्यासाठी हात बाहेर न काढता निघून गेला.

तिनं पाच पंचावन्न लिहिलं. पुढं पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. तोवर स्टॉपवर नुकत्याच आलेल्या दोघांना सोडून लाल गाडी तिच्या पुढून सुसाट गेली, आणि ती घाईघाईनं पुढच्या ओळीवर फुली मारायला वळली.