पलीकडे माणूस आहे

प्रमिलाकाकू फोन उचलल्यावर कधीही ‘हॅलो’ म्हणाल्या नाहीत. “बोला, ऐकतेय,” म्हणायच्या आणि हातात पेन्सिल घ्यायच्या. फोन वीज कंपनीचा असो, नाशिकच्या भाचीचा असो की एखाद्या भामट्याचा असो, पेन्सिल हातात असायचीच. शिवाय त्या फोन कधी आधी ठेवायच्या नाहीत. “पलीकडे माणूस आहे. त्याचं संपलं की नाही ते तोच ठरवणार,” असा त्यांचा नियम. मी घाईघाईत “ठेवते हं काकू” म्हणून बटण शोधत असायचे, तेव्हाही त्या पलीकडे शांतपणे थांबलेल्या असायच्या. मला त्याचा फार वैताग यायचा.

कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काकू एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल बुक करून लोक अर्धा दिवस वाट बघायचे, तेव्हापासूनच्या. नवरा लवकर गेला. एकुलता एक मंदार मेलबर्नला शिकायला आला, इथेच रमला, टार्निट या उपनगरात चार बेडरूमचं घर बांधलं आणि हौसेने आईला घेऊन आला. मी आणि माझा नवरा त्यांच्या समोरच्या घरात राहतो. मी रेवती, मूळची पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. स्वतःच्या सापडायला मात्र वेळ लागतो.

मंदार आणि त्याची बायको श्वेता सकाळी साडेसहाला बाहेर पडत ते संध्याकाळी सहाला उगवत. नात ईरा शाळेतून आली की आजीच्या प्रत्येक प्रश्नाला “आय नो, आजी” एवढंच उत्तर देऊन खोलीत जाई. बस तासाला एक, आणि ती जिथे जायची तिथे काकूंचं काही काम नव्हतं. आमच्या वसाहतीत सगळी घरं एका साच्यातली. पहिल्या आठवड्यात काकू भलत्याच दाराला किल्ली लावत उभ्या होत्या, आतून एक पंजाबी आजोबा बाहेर आले आणि दोघांनी मिळून घर शोधलं. त्यांच्या कायमच्या व्हिसाचा अर्ज लागलेला होता. निकाल येईपर्यंत देशाबाहेर जायचं तर वेगळी परवानगी काढावी लागे. सांगलीची बहीण गेली तेव्हा ती परवानगी वेळेत आली नाही. मी भेटायला गेले तर काकू म्हणाल्या, “आता काय. चहा घेतेस?” एरवीही कोणी विचारलं तर “छान चाललंय” हे एकच उत्तर असायचं, आणि ते आम्हा सगळ्यांनाच सोयीचं होतं.

एकदा लायब्ररीत मी त्यांना घेऊन गेले होते. तिथे डोंगराळ भागातल्या एका अग्निशमन दलाने टेबल मांडलं होतं. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी डोंगरमाथ्यावरच्या टॉवरमध्ये बसून धूर कुठे दिसतो ते बघायला त्यांना स्वयंसेवक हवे होते. टेबलावरचा माणूस सगळं मला समजावत होता. काकूंनी त्याच्यासमोरचा फॉर्म ओढून घेतला, ‘रेडिओ ऑपरेटर’ या शब्दांवर बोट ठेवलं आणि पर्समधून पेन्सिल काढली.

“काकू, अडीच तासांचा ड्राइव्ह आहे,” मी म्हणाले.

“तू चालवतेस की.”

विषय संपला. त्यांचं वय सहासष्ट, तब्येत उत्तम, डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळालं, दोन शनिवार ट्रेनिंग झालं. अडचण मंदारची होती. तो आईला जिना चढताना सुद्धा “सावकाश” म्हणायचा. म्हणून आम्ही त्याला ‘बायकांचं कॅम्पिंग’ असं सांगितलं. ही आयडिया माझीच.

टॉवर म्हणजे सहा मजले उंच लोखंडी शिडी आणि वर काचेची एक खोली. ती आमच्या बाथरूमएवढी. मधोमध गोल नकाशा, त्यावर फिरणारी पट्टी. धूर दिसला की पट्टी तिकडे रोखायची, कडेचा आकडा वाचायचा आणि कंट्रोल रूमला कळवायचा. काकू पंजाबी ड्रेस आणि मंदारचे जुने बूट घालून सरसर वर गेल्या. माझी मात्र चौथ्या मजल्यावर बोबडी वळली. वर पोचल्यावर शिडीच्या तोंडावरचं जमिनीतलं झाकण लावून घेतलं तेव्हा तर मला वाटलं, संपलं, आता आपण इथून जिवंत उतरत नाही. चारी बाजूंना आभाळ आणि श्वास घ्यायला म्हणून जागा नाही. काकू हेडफोन चढवून खुर्चीवर बसल्या, पाठ ताठ केली आणि खोल श्वास घेऊन म्हणाल्या, “अगं, किती मोकळं आहे गं!”

रेडिओवरच्या काकू वेगळ्याच होत्या. मी, दिवसभर इंग्रजीत मीटिंगा गाजवणारी, माइकचं बटण दाबलं की त-त-प-प करायचे. त्या मात्र प्रत्येक आकडा सुटा सुटा, दोनदा सांगायच्या आणि शेवटी “थँक यू, सर” म्हणायच्या. कंट्रोल रूममधल्या लोकांना कोणी ‘सर’ म्हणायची सवय नव्हती. दुसऱ्या खेपेला एकाने विचारलंच, “आज टॉवरवर सर म्हणणाऱ्या बाई आहेत का?” काकू दिवसभर खूश होत्या.

आमची तिसरी खेप जानेवारीतली. शनिवारी दुपारी पाऊस नसताना नुसत्या विजा पडल्या आणि पश्चिमेच्या दरीतून धूर निघाला. काकूंनी आकडा कळवला. तासाभरात वारा फिरला. धूर आमच्या आणि रस्त्याच्या मधे आला. कंट्रोलने सांगितलं, रस्ता बंद, माथ्यावर नुसता खडक आहे, तुम्हाला धोका नाही, पण खाली उतरू नका. ‘धोका नाही’ हे मला ऐकूच आलं नाही. काचेबाहेर सगळं तपकिरी झालं होतं, फोनला रेंज नव्हती, आणि मी त्या आठ फुटांत येरझाऱ्या घालत होते. “मंदारला काय सांगायचं? काकू, आपण अडकलो!”

“हो,” काकू म्हणाल्या. “खाली बस. चिवडा खा.”

तेवढ्यात टॉवरमधल्या दुसऱ्या, बाहेरच्या लोकांसाठीच्या रेडिओवर खरखर झाली. रानात गाड्या घेऊन जाणारे लोक मोबाइल चालत नाही म्हणून हातात मावणारे रेडिओ ठेवतात, त्यातल्या एकावरून कोणीतरी बोलत होतं. ट्रेव्हर नावाचा माणूस नदीकाठी एकटाच तंबू टाकून होता. परतीच्या वाटेवर झाड पडलं होतं. दुसरी वाट चढाची, धुराच्या दिशेने जाणारी. त्याच्या रेडिओचा आवाज दरीतून फक्त आमच्या उंचीपर्यंत पोचत होता, म्हणजे साऱ्या जगात तो फक्त काकूंना ऐकू येत होता. काकूंनी कंट्रोलला विचारून निरोप दिला: गाडी सोडा, नदीतल्या गोट्यांवर जा, लोकरीचं पांघरूण भिजवून अंगावर घ्या, धूर विरला की हेलिकॉप्टर येईल.

“मी थांबणार नाही,” तो ओरडला. “गाडी चालू आहे. वरच्या वाटेने सुसाट निघतो.”

“नो, सर. काइंडली रिमेन ऑन द लाइन,” काकू म्हणाल्या, आणि माइकवर हात ठेवून मला म्हणाल्या, “हा पळणार गं.”

पुढचे दीड-पावणेदोन तास ती बाई काय करत होती, हे मी सांगू शकेन असं मला वाटत नाही. त्यांनी त्याला त्याच्या गाडीचा रंग विचारला. डब्यात खायला काय आहे विचारलं. कुत्र्याचं नाव विचारलं आणि पेन्सिलीने लिहूनही घेतलं. दर दोन मिनिटांनी “आर यू देअर, सर?” पण त्याचा आवाज चढतच गेला. “तुम्हाला काय कळणार!” तो म्हणाला. “तुम्ही वर सुरक्षित बसलाय. मला इथे बसवत नाहीये.”

काकूंनी माइक जवळ ओढला. मग त्याच एक्स्चेंजच्या संथ इंग्रजीत जे बोलल्या, ते मी इथे मराठीत लिहिते आहे. त्यांनी ते मराठीत कधीच कोणाला सांगितलं नव्हतं.

“सर, मीही अडकलेली आहे. टार्निटमध्ये. दोन वर्षं चार महिने. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. सकाळी सगळे जातात आणि मी दिवसभर घराशी बोलते. माझी बहीण गेली, मला जाता आलं नाही. त्यानंतर एक दिवस मी सुटकेस भरून बस स्टॉपवर गेले. दोन बस आल्या. दोन्ही जाऊ दिल्या. मग घरी आले, सुटकेस रिकामी केली आणि कुकर लावला. मुलाला माहीत नाही. बसवत नाही म्हणजे काय, ते मला माहीत आहे, सर. तुमच्या वाटेवर आग आहे. तुम्ही गाडी बंद करा, नदीत या आणि माझ्याबरोबर बसा. मी लाइन सोडणार नाही.”

पलीकडे रेडिओचं बटण दाबलं गेलं. मग किल्ली फिरवल्यासारखा आवाज आला आणि इंजिन थांबलं.

मी जमिनीवरच्या त्या झाकणाकडे बघत बसले होते. सव्वादोन वर्षं मी या बाईच्या समोरच्या घरात राहत होते. आठवड्यातून एकदा त्यांना गाडीतून फिरवून आणते म्हणून स्वतःवर खूश होते. ती सुटकेस मी पाहिलीही होती. ऑफिसची मीटिंग चालू होती, खिडकीतून काकू सुटकेस ओढत जाताना दिसल्या, मला वाटलं, जुने कपडे दान करायला चालल्या असतील. मला अतोनात लाज वाटली. आजही वाटते.

पाचच्या सुमाराला वारा पडला आणि हेलिकॉप्टरने ट्रेव्हरला उचललं. शेवटी तो इथल्या लोकांच्या सवयीने म्हणाला, “नो वरीज, लव्ह, आता तुम्ही ठेवा.” काकू म्हणाल्या, “तुम्ही आधी, सर.”

आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी दलाच्या गाडीने खाली आणलं. रस्ता अडवला होता तिथे मंदार उभा होता. श्वेताने माझ्या नवऱ्याकडून खरं काढून घेतलं होतं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. आईचे दोन्ही हात धरून रडला आणि म्हणाला, “आई, तुला काही झालं असतं तर मी काय करणार होतो? पुन्हा नाही जायचं. प्लीज.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. काकू तिथे काय होत्या ते मी पाहिलं होतं, फक्त मीच पाहिलं होतं. पण खोटं माझं पकडलं गेलं होतं, म्हणून मी खाली मान घातली. काकू म्हणाल्या, “बरं.” गाडीत बसताना हळूच मला म्हणाल्या, “त्या माणसाला सांगितलं ते याला सांगायचं नाही. त्याला वाटेल, आपलं चुकलं.”

त्यानंतर टॉवर नाही. मंदारने प्रेमाने सगळं केलं. आईला टॅब्लेट आणला, भजनी मंडळाचा पत्ता काढला, बागेत वाफे करून दिले. काकूंनी मेथी लावली. पण दर शनिवारी तीन वाजता, मंदार आणि श्वेता ईराला घेऊन स्विमिंगला गेले की घरातला फोन वाजायचा. तो फोन काकूंनी हट्टाने बसवून घेतला होता, मोबाइल हातात धरल्यासारखा वाटत नाही म्हणून. कंट्रोल रूमला गळ घालून ट्रेव्हरने निरोप धाडला होता आणि काकूंनी आपण होऊन नंबर कळवला होता. मी एक-दोनदा तिथे होते. काकू पाठ ताठ करून बसायच्या, पेन्सिल घ्यायच्या. तो कुत्र्याबद्दल, गुडघ्याबद्दल, सोडून गेलेल्या बायकोबद्दल सांगायचा. त्याही सांगायच्या. तेवढा एक तास घरातलं कोणीतरी कोणाशी तरी बोलत असायचं.

ऑगस्टमध्ये एका सोमवारी दुपारी काकू झोपल्या त्या उठल्या नाहीत. व्हिसाचा निकाल तोवर आलेला नव्हता.

त्या शनिवारी मी मंदारकडे चहा करत होते. घरात आम्ही चौघंच. स्विमिंग अर्थातच नव्हतं. तीन वाजता फोन वाजला. ट्रेव्हरला कळवायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि ते जिच्या ध्यानात यायला हवं होतं अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मी.

मंदारने उचलला. “हॅलो?” पलीकडून आईची चौकशी झाली असावी. मग त्याने आई गेल्याचं सांगितलं. पलीकडचा माणूस काही तरी बोलला असावा, कारण मंदार गोंधळून म्हणाला, “हो, मीच मंदार. तुम्ही कोण? तुम्हाला माझं नाव कसं माहीत?”

मी गॅस बंद केला. पुढे होऊन फोन त्याच्या हातातून घ्यावा, असं मला फार वाटलं. काकूंनी नको म्हणून सांगितलं होतं. पण त्या रस्त्यावर मी गप्प बसले होते, त्याचं काय झालं ते मी पाहिलं होतं. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, “मंदार, हा टॉवरवरचा माणूस. काकूंनी याला काय सांगितलं ते विचार. फोन ठेवू नकोस. शेवटपर्यंत ऐक.”

त्याने विचारलं. ऐकता ऐकता तो भिंतीला टेकला, मग घसरत खाली फरशीवर बसला. एकदा त्याने दाराशेजारच्या कपाटाकडे पाहिलं, जिथे सुटकेसा असतात. ट्रेव्हर मधेच थांबला असावा, पुढे सांगू की नको म्हणून. मंदारने बाहीने डोळे पुसले, टेबलावरची आईची पेन्सिल उगाच हातात घेतली आणि इंग्रजीत म्हणाला, “बोला, ऐकतोय.”

चहा गार झाला. सव्वाचार वाजले तरी मंदार तसाच बसून होता. बोलणं मघाशीच संपलं होतं, पण दोघांपैकी कोणीच फोन आधी ठेवत नव्हतं.