आमच्या साडूंनी उपसरपंच निवडला

काळजी करणाऱ्यांच्या शर्यती भरवल्या तर आमचे ओतूरकडचे साडू डोळे झाकून पहिले येतील, आणि दुसऱ्या नंबरवाल्याला वाईट वाटलं असेल का, या काळजीत घरी जातील. निरगुडसरला आमच्याकडे यायचं तर एसटीच्या आधी तासभर स्टँडवर हजर, आणि गाडी लागली की विहिरीवरची मोटार बंद केली का ते बघायला परत घरी! एकदा थोरल्या मेहुणीनं शपथेवर सांगितलं, मोटार मीच बंद केलीय. तर म्हणाले, "तू केलीस, हीच तर काळजी हाय!"

असा माणूस सरपंचपदाला उभा राहिला. हसू नका, गावानंच गळ घातली. सरपंच थेट लोकांनी निवडायचा, उपसरपंच मागाहून सदस्य ठरवतात. पण त्याचं नाव आधी कळल्याशिवाय कुठली भावकी मत देते? बाकीचे उमेदवार दोनच गोष्टी बघतात: त्याच्यामागं मतं किती, आणि आपली खुर्ची ओढण्याइतकी अक्कल तर नाही ना. आमचे साडू मात्र घरोघर जाऊन एकच अभद्र प्रश्न विचारत सुटले, "उद्या मी नसलो, तर पयलं काय करशीला?"

भावकीतला एक म्हणाला, "तुमचा पुतळा बशिवतो की, राव!" साडू चहा तसाच टाकून उठले. दुसऱ्यानं तर रडायलाच घेतलं. शेवटी माळावरच्या मेंढरंवाल्यांच्या घरातली सून, बचत गट चालवणारी, तिला विचारलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आदी वैनीपाशी दोन दिस बसंन. मग शाळंमागची लाइटीची उघडी डीपी बंद करून घीन. तुमच्याकून ऱ्हायलंच हाय ते, भाऊ." साडूंनी तिचंच नाव जाहीर केलं.

भावकी पेटली. पॅनेल मोडायची वेळ आली, तसा मी धावत गेलो. म्हटलं, "साडूभाऊ, उपसरपंच तो काय, नावापुरता! कशाला वैर घेता?" त्यांनी मला गोठ्यामागं नेलं. "घरात बोलू नका, पावणं. डॉक्टर म्हंतो, छाती उघडाय लागंल. निवडणूक झाली की जायचंय. मी टेबलावरनं उठलोच न्हाई, तर गाव काय त्या पुतळेवाल्याच्या हाती देऊ?" मग मीच भावकीची समजूत काढत फिरलो.

पॅनेल कसंबसं निवडून आलं. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात येरझाऱ्या घालून माझे पाय दुखले. साडू वाचले, देवाची कृपा. त्यांची विश्रांती लांबत गेली आणि उपसरपंच बाईंनी कारभार असा चालवला, की गाऱ्हाणं घेऊन निघालेला माणूस साडूंना लांबूनच रामराम घालून सरळ माळ गाठू लागला.

परवा भेटायला गेलो. साडू ओट्यावर एकटेच होते.

"जरा कमी हुशार बघाय पायजे व्हती का वो, पावणं?"

मी हसत त्यांच्याशेजारी ओट्यावर बसलो.

"न्हाई, केलं ते बराबरच केलं," तेच म्हणाले. "फकस्त मेलो तर काय, येवढाच इचार केला व्हता. वाचलो तर काय, ह्याचा केलाच न्हाई."