वहीत उतरवलेली शाळा

कर्णिककाकांच्या छोट्या विमानात मी वाट दाखवणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर बदलत बसलो होतो. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. यात वैमानिकाने साठवलेल्या जागा पुसल्या जातात, म्हणून त्या मी आधी वहीत उतरवतो. काकांची एकच होती, त्यांच्या गावची शाळा.

"ती राहील ना रे?" काकांनी खालून तिसऱ्यांदा विचारलं.

"राहील, काका."

कंटाळा येतो या अपडेटांचा. यंत्र दरवेळी नवं होतं, आपण मात्र पाठ धरून उठतो. काकांचं तर डोळ्यांमुळे उडणंच बंद झालंय.

मी अक्षांश-रेखांश परत भरले. शाळा उमटली.

काका कसेबसे चढून शेजारी बसले. "शाळेपर्यंत किती मिनिटं दाखवतंय?"

"बावीस."

त्यांनी सवयीने पट्टा बांधला.