ओवाशेट

विनूचा शेवटचा फोन आला तेव्हा मी अंगणात आमसुलं वाळत घालत होते. हात रसाने लाल, म्हणून फोन मान वाकडी करून खांद्यात धरला. "ताई, पोटात वरच्या अंगाला कसंतरीच होतंय गो," तो म्हणाला. मी हसले. "काय ओवाशेट, आज कुठली शाळा चुकवायचीय? चिमूटभर ओवा चाव, वर कढत पाणी घे नि पड जरा." तोही हसला, "बरं" म्हणाला. माझा शब्द त्याने सहसा कधी मोडला नाही... दुपारच्या आत त्याच्या लेकीचा, सईचा, फोन आला. "आत्या, बाबा उठत नाहीत." हृदयाचं दुखणं कधी कधी पोटातही जाणवतं, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या उशाशी ओव्याची बाटली होती. सकाळच्या त्या फोनाचं मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

ओवाशेट हे नाव माझंच. विनू माझा धाकटा भाऊ. शाळेची वेळ झाली की त्याच्या पोटात कळ यायची, घामाने शर्ट भिजायचा. आई ओवा-मीठ चावायला द्यायची, दादा, म्हणजे आमचे वडील, दाराआडची शिपटी काढायचे, आणि मी दप्तर त्याच्या गळ्यात अडकवून ओरडत पुढे निघायचे, "ओवाशेट आले होऽऽ!" सगळी आळी हसायची. सुट्टीत त्याचं पोट कधी दुखायचं नाही, म्हणून तो नाटकी ठरला. अहो, तीच तर खूण होती! पण भीतीला दुखणं म्हणायची आमच्या घरात पद्धतच नव्हती. दहावीच्या पहिल्याच पेपराला तो केंद्राच्या फाटकातून परत फिरला आणि पेपर सुटेपर्यंत मांडवीच्या जेटीवर बसून राहिला. माझी गणितं सोडवून देणारा पोरगा तो... जन्मभर मिरजोळ्याच्या कारखान्यात आंब्याच्या रसाचे डबे भरत राहिला. आम्ही त्याला अंगचोर म्हणायचो.

सई सातवीत गेली आणि सकाळी तिचंही पोट दुखायला लागलं. मी लगेच ओवा काढला. विनूने माझा हात धरला. "ओवा नको, ताई. भीती वाटते तिला. ती भीती मला ठाऊक आहे." मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं त्याने ठरवलं होतं. माझी जीभ कसली आवरतेय! "शहाणाच आहेस. उद्या तिचं लग्न जमवायचंय ना? आपल्या घराण्यात वेडं कुणी नाही." पण तो तिला नेत राहिला, माझ्यापासून लपवून. सख्ख्या बहिणीपासून लपवावं लागलं त्याला, इतकी मी वाईट वागले.

त्याच्या तेराव्याला आई भिंतीला टेकून बसली होती. मध्येच म्हणाली, "तुमचे दादासुद्धा लहानपणी शाळेच्या वेळेला गोठ्यात लपायचे हो. मामंजी दाव्याने झोडपत बाहेर काढायचे." शिपटी धरणारे दादाही असेच घाबरत होते तर! आजोबांनी त्यांना विचारलं नाही, त्यांनी विनूला विचारलं नाही. लेकीला विचारणारा विनू पहिला, आणि त्याचा मी पाणउतारा केला...

आता सई आणि तिची आई आमच्याकडेच राहतात. परवा शाळा सुरू झाली. सकाळी सई पायरीवर पोट दाबून बसली होती. विनूच्या उशाची ती बाटली मी घरी आणून ठेवलीय. सवयीने हात बाटलीकडे गेला, झाकणही उघडलं. सई नुसती बघत राहिली. मला माझीच शिसारी आली. तशीच जाऊन तिच्या शेजारी बसले.

"बाबा काय करायचे गो अशा वेळी?"

"काही नाही. असेच बसायचे. मग विचारायचे, आज केवढी आहे भीती?"

"मग, केवढी आहे?"

तिने बराच विचार केला. "शाळेच्या फाटकाएवढी."

"फाटकापर्यंत येते मी," मी म्हटलं. "वाटलं तर दोघी परत फिरू. कुणी ओरडणार नाही."

तिने होकारार्थी मान डोलावली. मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "आणि तुझी केवढी आहे, आत्या?"

बाटली अजून माझ्या हातातच होती.