स्ट्रगलची तीन वाक्यं

आमचे हे इंदरगंजात संस्थानी दरबारच्या कचेरीत नोकरीला होते. त्यांच्या वरचा इंजिनिअर इंग्रज. त्याची मडम हाताखालच्या लोकांना बायकांसकट चहाला बोलवायची. तिच्यापुढे बायको मुकी बसली तर बढती हुकेल, असं ह्यांच्या डोक्याने घेतलं. म्हणून रविवारी जेवणं उरकली, की पाटी माझ्यापुढे आणि सागवानी पट्टी ह्यांच्या हातात.

एका रविवारी शब्द आला ‘स्ट्रगल’. ह्यांनी अर्थ सांगितले: धडपड करणं, हाल सोसत टिकून राहणं, कुणाशी झटापट करणं. प्रत्येक अर्थाला वाक्य हवं, तेही स्वतःचं. मुंगी साखरेसाठी धडपडते, हे पहिलं जमलं. दुसऱ्याला अडखळले आणि पट्टी पेरांवर बसली. पुन्हा विचारलं, पुन्हा बसली. मी हात मागे घेतला, तेव्हा ह्यांनी मनगट पिरगाळून पंजा जमिनीवर दाबला आणि पट्टीच्या धारेने मारत सुटले. करंगळी कडकन मोडली. त्या क्षणी हाताशी बत्ता असता तर मी ह्यांचं डोकं फोडलं असतं. खोटं कशाला सांगू?

सासूबाई हळद घेऊन धावत आल्या. “काय करून राहिलास रे! आता पोळ्या काय हिचा बाप येऊन लाटेल?” त्यांना पोळ्यांची पडली होती.

मग ह्यांनी माझ्याकडून एकच वाक्य घोकून घेतलं: मी जिन्यावरून पडले. “चुकलीस तर दुसऱ्या हाताचीही मोडीन,” म्हणाले.

चहाच्या दिवशी मडमेने माझी बांधलेली करंगळी पाहिली आणि काय झालं म्हणून विचारलं. हे शेजारीच उभे होते. घरी काय वाढून ठेवलंय ते मला ठाऊक होतं. तरी मी कप खाली ठेवला.

“मॅडम, आय स्ट्रगल विथ माय हज्बंड. ही ब्रेक माय फिंगर.”

मडम ह्यांच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी पुन्हा काही तिने ह्यांना खायला विचारलं नाही.

खासगी बाजारातल्या आमच्या घरी शिरताच ह्यांनी पट्टी उचलली. मी दुसरा, धड हात पुढे केला.

“मोडा. पुढच्या चहाला ती परत विचारेल.”

पट्टी वरच राहिली. मग ह्यांनी ती चुलीत घातली. करंगळी अजून वाकडीच आहे.